यातली खरी मेख पॅशनमध्ये नाहीये

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज पडतोच. "नोकरीचा जाम कंटाळा आलाय, सोडून काहीतरी आवडीचं सुरू करावं म्हणतोय, कोणी केलंय का?" मग खाली धडाधड अंगठे, बदाम, "कर रे बिनधास्त" आणि एखादा म्हातारा मेंबर (म्हणजे मी) लिहितो की बाबा आधी सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेव. त्यावर सगळे मला शिव्या घालतात आणि कोणीतरी हमखास पॅटागोनिया नावाच्या, डोंगरात घालायचे कपडे बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या मालकाची गोष्ट टाकतं. तो कसा डोंगर चढत भटकायचा, कसं पॅशन फॉलो केलं, मग अब्जावधीची कंपनी झाली आणि शेवटी ती पण पृथ्वीला देऊन टाकली वगैरे.

गोष्ट खरीच आहे, पण फॉरवर्ड होता होता तिचे मधले सगळे सांधे गळून गेलेत. नाद होता, मग ब्रँड झाला, एवढंच उरतं. नादाचा ब्रँड कसा होतो हे मधल्या सांध्यांमध्येच आहे, म्हणून म्हटलं एकदा खिळ्यामोळ्यांसकट सांगून टाकू. खिळे अगदी शब्दशः, कारण सुरुवात खिळ्यापासूनच आहे.

माणसाचं नाव इव्हॉन शुइनार्ड. जन्म १९३८, अमेरिकेच्या पार ईशान्येच्या टोकाला मेन नावाचं राज्य आहे तिथला, घरी सगळे फ्रेंच बोलणारे. लहानपणीच बिऱ्हाड कॅलिफोर्नियात हललं, तिथे याला धड इंग्रजी येईना, पोरं नावावरून चिडवायची, त्यामुळे स्वारी एकटीच कुठेतरी नदीकाठी मासे पकडत नाहीतर डोंगरात. चौदाव्या वर्षी ससाणे पाळणाऱ्या एका क्लबात शिरला. ससाण्याची घरटी असतात उभ्या कड्यावर, तिथवर दोरावरून उतरायला शिकला, म्हणजे आपण ज्याला रॅपलिंग म्हणतो तेच. मग याला वाटलं उतरतोच आहोत तर खालून वर चढून का बघू नये. झालं, लागला नाद.

आता मेख म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. उभा कडा चढताना खडकाच्या भेगेत लोखंडाची चपटी मेख हातोडीने ठोकतात, गिर्यारोहक तिला पिटॉन म्हणतात. तिच्या टोकाला भोक असतं, त्यात कडी अडकवायची (कॅराबिनर), कडीतून दोर ओवायचा. हात सुटला तर तुम्ही त्या मेखेपर्यंत आणि वर जेवढे चढला होतात तेवढंच तिच्याखाली पडता, सरळ तळाला नाही. त्या काळी मेखा युरोपातून यायच्या आणि मऊ लोखंडाच्या असायच्या. एकदा ठोकली की तिथेच सोडायची, कारण काढायला गेलं की डोकं तुटायचं. युरोपात ते चालून जायचं. पण कॅलिफोर्नियात योसेमिटी दरीतले ग्रॅनाइटचे कडे प्रचंड, काही भिंती तर चढायला कित्येक दिवस लागतात, वाटेत शेकडो मेखा लागणार. एवढ्या मेखा प्रत्येक वेळी विकत घ्यायच्या आणि कड्यावर सोडून यायच्या, कोणाला परवडणार?

तर १९५७ साली हा पोरगा भंगारवाल्याकडून जुनी कोळशाची भट्टी, एक ऐरण, सांडशी, हातोडे घेऊन आला आणि स्वतःचं स्वतः लोहारकाम शिकला. पहिल्या मेखा केल्या शेतातल्या पीककापणी यंत्राच्या जुन्या पात्यापासून. त्या कडक, चिवट पोलादाच्या होत्या, ठोकायच्या, काढायच्या, परत ठोकायच्या. त्या घेऊन मित्राबरोबर योसेमिटीतले दोन अवघड मार्ग चढून आला, मग बाकीचे म्हणायला लागले आम्हालाही दे ना यार. तासाला दोन मेखा व्हायच्या. किंमत दीड डॉलर, आणि युरोपातली मेख मिळायची वीस सेंटला. म्हणजे साडेसात पट महाग, तरी लोक घ्यायचे कारण वीस सेंटवाली एकदाच वापरता यायची.

इथे जरा थांबूया, कारण पहिला सांधा इथे आहे. लोक म्हणतात त्याला क्लाइंबिंगची आवड होती म्हणून धंदा चालला. आवड तर त्या दरीत पडीक असलेल्या सगळ्यांनाच होती की. फरक असा की माल बनवणारा आणि माल वापरणारा एकच माणूस होता आणि माल बिघडला तर रिफंडची भानगड नाही, सरळ दरीत. मार्केट रिसर्च, कस्टमर फीडबॅक वगैरे जे मोठ्या कंपन्या लाखो रुपये देऊन करतात ते याचं दर शनिवारी रविवारी दोरावर लटकून फुकट होत होतं. आणि त्याच्याकडून घेणाऱ्यांनाही ते डोळ्यासमोर दिसत होतं, की हा विकतोय तीच मेख स्वतःच्या जिवाखाली ठोकतोय. ह्याला जाहिरात लागत नाही.

बाकी संसार म्हणाल तर आनंद होता. माल गाडीच्या डिकीतून विकायचा, दिवसाला पन्नास सेंट ते डॉलरभरात भागवायचं, एका उन्हाळ्यात तर चेपलेले म्हणून स्वस्तात काढलेले मांजराच्या खाण्याचे डबे आणून खाल्ले. एकदा अॅरिझोनात पोलिसांनी पकडून अठरा दिवस आत टाकलं, गुन्हा काय तर काही कामधंदा न करता उगाच भटकणे. १९६४ मध्ये पहिली किंमतयादी काढली, एक साधा कागद, त्यावर खाली सूचना होती की मे ते नोव्हेंबर माल लवकर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. कारण तो चढायचा सीझन! दुपारी एक ते चार बंदची पाटी बघत वाढलेल्या पुणेकरांना हे वाचून गहिवरून आलं असेल. मला आलं.

पुढच्या वर्षी टॉम फ्रॉस्ट नावाचा जोडीदार आला, तो विमानविद्येतला इंजिनिअर आणि तोही क्लाइंबरच. दोघांनी प्रत्येक अवजार नव्याने डिझाइन केलं, हलकं, मजबूत, साधं. कंपनीचं बस्तान व्हेंचुरा नावाच्या समुद्रकाठच्या गावात हललं, एका बंद पडलेल्या खाटीकखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कारण तिथून सर्फिंगला जायला सोयीचं. १९७० पर्यंत शुइनार्ड इक्विपमेंट ही अमेरिकेतली गिर्यारोहणाच्या लोखंडी सामानाची सगळ्यात मोठी कंपनी झाली होती. आणि नफा? जेमतेम टक्काभर. कारण हे दोघे दरवर्षी काहीतरी सुधारत बसायचे, जे साचे तीन-पाच वर्षं वापरायचे ते वर्षात भंगारात. आवडीच्या धंद्याचं हे दुखणं कोणी सांगत नाही, माल इतका आवडतो की हिशोबाकडे बघायला जीव होत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. ज्या गुणामुळे ती मेख खपली, की काढून परत ठोकता येते, तोच गुण मुळावर आला. मऊ लोखंडाची मेख एकदा भेगेत गेली की तिथेच राहायची. ही पोलादी मेख मात्र पहिला ठोकणार, मागून येणारा उपटणार, उद्या दुसरी टीम परत तिथेच ठोकणार, परत उपटणार. तोवर चढणाऱ्यांची संख्याही वाढलेली, सगळे त्याच चार-दोन प्रसिद्ध मार्गांवर. ग्रॅनाइट झालं तरी किती सोसणार? भेगा फुटून रुंद व्हायला लागल्या, कड्यावर ओळीने खड्डे. शुइनार्ड आणि फ्रॉस्ट एका जुन्या आवडत्या मार्गावर गेले आणि ती अवस्था बघून चरकले. आपल्याच कारखान्यातल्या मेखा कडे खातायत. मेखांचा धंदा तेव्हा एकूण धंद्याच्या ७० टक्के होता.

तरी त्यांनी तो टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. आता गंमत बघा, पर्याय मिळाला ब्रिटनकडून. तिथले क्लाइंबर कड्याकडे जाताना रेल्वेच्या रुळांवर पडलेले नट उचलायचे, बोल्टवरचे नट हो, त्यात दोरी ओवायचे आणि भेगेच्या निमुळत्या भागात अडकवायचे. हातोडी नाही, खड्डा नाही, वर गेलेल्याच्या मागून येणारा बोटाने काढून घेतो. ह्यांनी ती कल्पना अॅल्युमिनियममध्ये नीट बसवली, आपण त्यांना चोक किंवा नट म्हणतो. १९७२ च्या कॅटलॉगमध्ये मालाची यादी कमी आणि चौदा पानांचा लेखच जास्त महत्त्वाचा होता, डग रॉबिन्सन नावाच्या क्लाइंबरचा, कडा जसा होता तसा ठेवून कसं चढायचं यावर. सोबत मालकांची कबुली की मेखांनी खडकाचं वाटोळं होतंय. म्हणजे दुकानदारच सांगतोय की आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल वाईट आहे. काही महिन्यांत मेखांचा खप कोसळला आणि चोक एवढे खपायला लागले की बनवून पुरेनात.

सह्याद्रीत चढणारे आता म्हणतील की काका आपल्याकडे हे कुठे चालतं. बरोबर आहे, आपला बसाल्ट थरांचा, कुठे मुरमाड कुठे ठिसूळ, योसेमिटीसारख्या सरळसोट लांब भेगा आपल्याला क्वचित मिळतात, म्हणून आपल्याकडे मेखा आणि बोल्ट (खडकाला भोक पाडून कायमचे बसवतात ते) अजून लागतातच. पण एकाच जागी किती बोल्ट मारायचे, जुना चांगला असताना नवीन का मारायचा, हे वाद आपल्याकडेही चालतात ना, त्याचं मूळ हेच.

तर दुसरा सांधा हा. ब्रँड म्हणजे लोगो नाही, नाव नाही, इन्स्टाचं पेज तर नाहीच नाही. ब्रँड म्हणजे न बघता ठेवलेला विश्वास. आणि विश्वास सांगून मिळत नाही, कारण सगळेच सांगतात "क्वालिटीत तडजोड नाही". गिऱ्हाईकाने बघावं लागतं की ह्याने आपल्या शब्दापायी स्वतःच्या खिशाला कात्री लावली. ७० टक्क्यांच्या धंद्यावर पाणी सोडल्यावर पुढची पन्नास वर्षं त्या माणसाच्या बोलण्याला वजन येतं, मग तो शर्ट विको नाहीतर अजून काही.

आणि शर्टच विकला त्याने! १९७० मध्ये स्कॉटलंडला चढायला गेला असताना तिथून रग्बीचा टीशर्ट आणला, निळा, छातीवर लाल पिवळे पट्टे, जाड कॉलर. कॉलरमुळे खांद्यावरच्या अवजारांच्या पट्ट्या मानेला कापायच्या नाहीत, एवढाच उपयोग. घालून योसेमिटीत गेला तर सगळे विचारायला लागले कुठे मिळाला. मग मागवले, खपले, अजून मागवले. तेव्हा पुरुषांचे स्पोर्टचे कपडे म्हणजे राखाडी एके राखाडी, हे रंगीत प्रकरण फॅशनच होऊन बसलं. कपड्यांत मार्जिन दिसलं आणि लक्षात आलं की लोखंडाच्या जेमतेम नफ्याला कापडाचा टेकू देता येईल.

पण लोखंडाच्या नावाला कपड्याचा डाग नको, म्हणून १९७३ मध्ये वेगळं नाव घेतलं, पॅटागोनिया. दक्षिण अमेरिकेचं टोक, जगाच्या पाठीवरचं आडगाव. १९६८ मध्ये हा आणि त्याचे मित्र कॅलिफोर्नियाहून व्हॅन चालवत तिथे गेले होते, फिट्झ रॉय शिखर चढायला. हवामान इतकं खराब की आठवडेच्या आठवडे बर्फाच्या गुहेत बसून काढले, तिसावा वाढदिवस त्या गुहेतच. त्याच डोंगररांगेची आकृती कंपनीच्या लेबलवर आहे. बघा, एवढा पैसा ओतून एजन्सी जी "ब्रँड स्टोरी" लिहून देते ती इथे आधीच घडून गेली होती, नुसतं शिवून लावायचं बाकी होतं.

सगळं गोड गोड चाललं असं समजू नका. १९७४ च्या सुमाराला हाँगकाँगच्या कारखान्याला महिन्याला तीन हजार शर्टांची ऑर्डर दिली. माल उशिरा आला आणि धुतल्यावर आटायला लागला, तो पडेल भावात काढून टाकताना कंपनी बुडता बुडता राहिली. कड्यावरची अक्कल कापडाच्या धंद्यात आपोआप येत नाही. ती वेगळी फी भरून शिकावी लागते.

मग फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं उबदार सिंथेटिक कापड. तुम्ही पावसात कॉटनचा टीशर्ट घालून राजमाची केला असेल तर कॉटन भिजल्यावर काय करतं ते सांगायला नको, अंगाला चिकटतं, वाळत नाही, वाऱ्यात हुडहुडी भरते. बर्फात तेच जिवावर बेततं. उत्तर अटलांटिकमधले कोळी सिंथेटिक केसाळ कापडाचे स्वेटर घालायचे, भिजले तरी ऊब देणारे. तसलं कापड शोधत त्याची बायको मालिंडा लॉस एंजेलिसला गेली आणि तिला सापडलं ते खोट्या फरची फॅशन बसल्यामुळे डबघाईला आलेल्या मिलचं पडून राहिलेलं कापड. रंग भयानक. कंपनी स्वतःच सांगते की ते कापड टॉयलेट सीटच्या कव्हरसाठी होतं. त्याचं जॅकेट शिवलं, डोंगरात घालून बघितलं, सुधारलं, १९८५ पर्यंत त्या मिलबरोबर गोळे न धरणारं मऊ फ्लीस तयार झालं. आज तुमच्या कपाटातलं कुठल्याही कंपनीचं फ्लीस असो, त्याचं खापरपणजोबा ते टॉयलेट कव्हर आहे, माफ करा पण आहे.

आता ग्रुपवरच्या गोष्टीत कधीच नसलेला भाग. ज्या कंपनीवर त्याचं खरं प्रेम होतं, ती मेखांची, चोकांची कंपनी, ती १९८९ मध्ये दिवाळखोरीत गेली. कारण खटले. म्हणे वापरण्यातला धोका नीट सांगितला नाही. दावे करणाऱ्यांत खिडक्या पुसणारा, प्लंबर, नाटकाच्या स्टेजवरचा कामगार असले लोक, म्हणजे चढण्याचं सामान भलत्याच कामाला वापरलेलं. विम्याचा हप्ता आकाशाला भिडला. शेवटी तिथल्याच कर्मचाऱ्यांनी ती विकत घेतली, ती आज ब्लॅक डायमंड म्हणून चालते. म्हणजे नादाची कंपनी गेली आणि नादाच्या जिवावर उभी राहिलेली कपड्याची कंपनी तरली. पॅशन फॉलो करा म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

दोन वर्षांनी तीही गाळात जाणार होती. दरवर्षी धंदा दणक्यात वाढतोय म्हणून माल भरून ठेवलेला, मंदी आली, बँकेने हात आखडला आणि ३१ जुलै १९९१ ला एकाच दिवशी १२० जणांना घरी पाठवावं लागलं, पाचातला एक. ही तीच कंपनी जिथे ऑफिसातच पाळणाघर होतं आणि लाटा चांगल्या असल्या की लोक काम टाकून सर्फिंगला जायचे. त्यानंतर मात्र वाढ किती हवी हे आपण ठरवायचं, बाजाराने नाही, असं धोरण झालं. १९९६ पासून सगळं कॉटन सेंद्रिय केलं, महाग पडत असून. विक्रीचा एक टक्का निसर्गासाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांना, नफ्याचा नाही हं, विक्रीचा, म्हणजे तोटा झाला तरी द्यायचा. आणि २०११ च्या ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या खरेदीच्या दिवशी, न्यूयॉर्क टाइम्समध्ये आपल्याच जॅकेटचा फोटो टाकून पानभर जाहिरात, "हे जॅकेट विकत घेऊ नका". खाली हिशोब, एका जॅकेटला १३५ लिटर पाणी लागतं वगैरे. पुढच्या वर्षी विक्री वाढली. आता हा भाबडेपणा की बेरकीपणा? मला वाटतं दोन्ही, आणि दोन्ही एकाच माणसात असू शकतात हे आपल्या गावच्या कुठल्याही जुन्या किराणा दुकानदाराकडे बघून पटेल.

शेवटचा तुकडा २०२२ चा, तो फार चुकीचा सांगितला जातो. "कंपनी पृथ्वीच्या नावावर केली" म्हणजे काय? आपल्याकडे देवस्थानाची जमीन असते बघा, सातबाऱ्यावर देवाचं नाव, विश्वस्त कारभार बघतात, उत्पन्न देवाच्या दिवाबत्तीला, आणि कोणी सहजासहजी विकू शकत नाही. जवळपास तसंच. कंपनीच्या शेअरचे दोन प्रकार, मत देण्याचा हक्क असलेले आणि नसलेले. हक्कवाले सगळे शेअर, एकूण भागाच्या फक्त २ टक्के, एका ट्रस्टकडे गेले, तो कारभार बघणार, कंपनी मूळ वाटेवरून ढळू नये म्हणून. बाकी ९८ टक्के, मत नसलेले, होल्डफास्ट कलेक्टिव्ह नावाच्या संस्थेकडे, धंद्यात घालून उरलेला नफा तिला लाभांश म्हणून जाणार आणि ती तो पर्यावरणासाठी खर्च करणार. कंपनीची किंमत तेव्हा अंदाजे ३ अब्ज डॉलर धरली होती, म्हणजे साधारण २४ हजार कोटी रुपये, आणि वर्षाला जाणारी रक्कम १० कोटी डॉलरच्या आसपास. विकून पैसे दान केले असते तर नवा मालक काय करेल याची खात्री नव्हती, शेअर बाजारात गेले असते तर दर तिमाहीला नफ्याचं मागणं. म्हणून हा तिसरा रस्ता. टीकाही झाली, की असं केल्यामुळे विक्रीवर भरावा लागला असता तो भलाथोरला कर वाचला, आणि ट्रस्टमध्ये घरचीच माणसं आहेत. दोन्ही मुद्दे खरे आहेत. दिवाबत्तीचा पैसाही खरा आहे.

आणि एक न सुटलेली गोष्ट, फ्लीस धुतलं की त्यातून प्लॅस्टिकचे बारीक तंतू सुटतात आणि पाण्यात जातात. कंपनीनेच पैसे देऊन त्यावर अभ्यास करून घेतला. म्हणजे परत मेखेचीच गोष्ट, जो माल नाव मिळवून देतो तोच कुठेतरी काहीतरी कुरतडत असतो. फरक एवढाच की मेखेला चोक सापडला, फ्लीसला अजून तसं काही सापडलेलं नाही.

मागच्या महिन्यात ग्रुपवर परत तो मेसेज आला, नोकरी सोडू का. मुलगा ट्रेकच्या सॅक शिवतो, छान शिवतो. ह्या वेळी मी हप्त्यांचं काही लिहिलं नाही, फक्त विचारलं की तुझी स्वतःची सॅक तू किती पावसाळे वापरलीस. तो म्हणाला दोन, तिसऱ्यात चेन गेली. मी म्हटलं मग त्या चेनचं काय केलंस? अजून टाइप करतोय असं दिसतंय. माझ्या सोळा वर्षं जुन्या फ्लीसची चेन मात्र कोपऱ्यावरच्या अल्टरवाल्याने गेल्याच आठवड्यात बसवून दिली, ऐंशी रुपये घेतले आणि वर म्हणाला कापड दमदार आहे, टाकू नका.